अफझलगंजहून शिकागो किती लांब?

हैदराबादच्या अफझलगंजपासून चार पावलांवर, गौलीगुड्यात, एक जुनं बसस्थानक होतं. भलंमोठं पिंप उभं चिरून त्याचा अर्धा भाग पालथा घालावा तसं पत्र्याचं कमानदार छप्पर, आणि त्याखाली बसगाड्या. नांदेड, लातूर, बिदर, निजामाबाद असा पुकारा करणारे कंडक्टर, चहावाले, गाठोड्यांवर बसलेली माणसं. यातल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण ते छप्पर बससाठी बनलेलंच नव्हतं. ते विमानाचं हँगर होतं, अमेरिकी बनावटीचं. जून १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्यांनिशी रस्त्यावरची वाहतूक सुरू केली आणि हँगराचा बसडेपो झाला. पुढे १९९४ मध्ये शेजारीच मुसी नदीच्या पात्रात इमलीबनचं नवं प्रचंड स्थानक उभं राहिलं, तरी जुन्या छपराखाली शहरातल्या बस थांबतच राहिल्या. ५ जुलै २०१८ च्या सकाळी ते छप्पर कोसळलं. धोकादायक म्हणून ते आधीच रिकामं केलं होतं, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही.

विमानाच्या छपराखाली उभं राहून लोकांनी पंच्याऐंशी वर्षं बसची वाट पाहिली, ही गंमत मला फार आवडते. कारण या प्रकरणातला प्रश्न बस आणि विमान दोघांनाही सारखाच लागू आहे: अमुक गाव किती लांब?

मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारून पाहा. ‘हैदराबादहून नांदेड किती लांब?’ तर उत्तर येतं, ‘सहा तास.’ किलोमीटर कुणी सांगत नाही. अफझलगंज ते नांदेड सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर आहे आणि रस्त्याने पावणेतीनशेच्या आसपास, पण हे दोन्ही आकडे प्रवाशाच्या काही कामाचे नसतात. त्याला सकाळी किती वाजता पोचणार ते हवं असतं. पाच-सहा तासांच्या प्रवासात अंतराऐवजी वेळ सांगितली तर फारसं बिघडत नाही. अंतर दुप्पट तर वेळ साधारण दुप्पट, हा हिशोब चालून जातो. प्रवास पृथ्वीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाणारा असला, की मात्र अंतर एक बोलतं आणि घड्याळ दुसरंच.

कोठी भागातल्या एका आजींनी मला नातवाच्या संदर्भात हाच प्रश्न विचारला होता. नातू शिकागोला. आजींचं माहेर परभणीकडचं, सगळा जन्म हैदराबादेत. त्यांनी विचारलं, ‘शिकागो म्हणजे दुबईच्या पुढेच ना रे? मग आधी पश्चिमेलाच जात असेल विमान.’

बरोबरच वाटतं. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला असते, मग विमान डावीकडे जाणार. अफझलगंजला स्टेट सेंट्रल लायब्ररी आहे, १८९१ मध्ये सुरू झालेलं निजामाच्या काळातलं आसफिया ग्रंथालय ते हेच. अशा एखाद्या ग्रंथालयात किंवा शाळेत पृथ्वीचा गोल मिळाला तर एक प्रयोग करून पाहा. गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असावा. दोऱ्याचं एक टोक हैदराबादवर धरा, दुसरं शिकागोवर, आणि दोरा ताणा. दोरा अरबी समुद्राकडे जातच नाही. तो उत्तरेला धाव घेतो. पश्चिमेकडे कलतो, पण फक्त १२ अंश.

हिशोबाने तो मार्ग काढला तर तो कुठून जातो पाहा. हैदराबादहून निघून राजस्थानातल्या झुंझुनूच्या बाजूने श्रीनगर, तिथून पामीर ओलांडून फर्गाना खोरं, मग सायबेरियाच्या उंबरठ्यावरचं कुर्गान, रशियाच्या उत्तर टोकाचं नार्यान-मार, पुढे बर्फाळ समुद्रातला स्वालबार्ड द्वीपसमूह, ग्रीनलंड, बॅफिनचा उपसागर, हडसनचा उपसागर आणि मग कॅनडावरून खाली उतरत शिकागो. सगळ्यात उत्तरेकडे असताना तो ७९ अक्षांशाला टेकतो. उत्तर ध्रुव तिथून जेमतेम १२०० किलोमीटर उरतो. दुबई, लंडन, अटलांटिक, आपल्या डोक्यात असलेलं त्यातलं काहीच वाटेत येत नाही.

गोलावर ताणलेला तो दोरा भरतो सुमारे ३१ सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या पृथ्वीवर सुमारे १३,२८० किलोमीटर. आता भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून हैदराबाद-शिकागो रेघ मारा आणि त्या रेघेवरून विमान न्या. अंतर होतं सुमारे १६,१०० किलोमीटर. जी रेघ डोळ्यांना सरळ दिसते ती २८०० किलोमीटरने लांबची! दोष डोळ्यांचा नाही, नकाशाचा आहे. संत्र्याची साल सपाट पसरायची तर ती फाटणार किंवा ताणावी लागणार. मर्केटरचा नकाशा ती ताणतो, आणि ध्रुवांकडे जावं तसा अधिकच ताणतो. म्हणून त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. उत्तरेकडचा जो पट्टा नकाशात अवाढव्य दिसतो तो खरं तर आखूड आहे, आणि विमान त्या आखूडपणाचाच फायदा घेतं.

गोलाच्या पृष्ठभागावरच्या अशा सर्वांत आखूड वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारी सुरी दोन्ही शहरांवरून फिरवली तर पृष्ठभागावर जी चीर पडेल, ती ही वाट. तिची लांबी काढणं सोपं आहे. हैदराबाद आणि शिकागो या दोन विमानतळांमध्ये पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन भरतो ११९ अंश आणि सुमारे २७ कला, म्हणजे ७१६७ कला. एका कलेला एक सागरी मैल, तेव्हा अंतर ७१६७ सागरी मैल, १.८५२ ने गुणा, किलोमीटर हाती येतात. जहाजवाल्यांनी आणि वैमानिकांनी सागरी मैल अजून सोडला नाही तो याच सोयीसाठी.

तो कोन काढायच्या सूत्राला हॅव्हरसाइनचं सूत्र म्हणतात. नाव परकं, पण आतला माल ओळखीचा. अर्ध्या उत्क्रमज्येचं ते सूत्र आहे. ज्या आणि उत्क्रमज्या यांची कोष्टकं सूर्यसिद्धान्तात आहेत. ‘ज्या’ची ‘जीवा’ झाली, अरबांनी तिचं ‘जिबा’ केलं, ते ‘जैब’ असं वाचलं गेलं, जैब म्हणजे कपड्याची घडी किंवा खिसा. त्याचं लॅटिनमध्ये भाषांतर झालं ‘सायनस’. आज मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकून अंतर विचारलं की आत हीच ज्या फिरत असते.

कोन मिळाला तरी पृथ्वी केवढी हे ठाऊक हवं. इथे गोष्ट पुन्हा हैदराबादला येते. विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत भारताची मोजणी सुरू केली. या कामाचा कणा होती कन्याकुमारीपासून उत्तरेकडे, ७८ रेखांशाच्या आसपास जाणारी एक रेषा. हैदराबाद जवळजवळ तिच्यावरच येतं. मोजणीचं ठाणं काही वर्षं हैदराबादेतच होतं, आणि १८१८ च्या अखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट इथेच लॅम्बटनच्या हाताखाली रुजू झाला. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून डोंगरावर चढवायचं, रात्री दिवे पेटवून दूरच्या टेकडीचा कोन घ्यायचा, पावसाळ्यात तापाने माणसं गमवायची, आणि पुन्हा पुढे सरकायचं. लॅम्बटन सत्तरीकडे आला तरी थांबला नाही. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. कापसाच्या बाजाराला जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिच्याकडे फिरकत असतील. सुमारे २४०० किलोमीटरची ती रेषा एव्हरेस्टने १८४१ मध्ये मसुरीपर्यंत नेऊन पुरी केली.

या खटाटोपातून काय मिळालं? एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या मांडली ती ६३७७.२७६ किलोमीटर. आज उपग्रहांच्या मदतीने आपण वापरतो तो आकडा ६३७८.१३७. फरक एक किलोमीटरचाही नाही. साखळी, दुर्बीण आणि बैलगाडी यांच्या जोरावर! पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, तिथली त्रिज्या सुमारे २१ किलोमीटरने कमी भरते, हेही त्या मोजणीत पक्कं झालं. तेव्हा शिकागोचं विमान हैदराबादहून उत्तरेला नाक करून निघतं ते लॅम्बटनच्या रेषेच्या जरासं डावीकडून, असं मला मनात म्हणायला आवडतं. याला पुरावा नको, नकाशा पुरे.

आता वेळ. १५ जानेवारी २०२१ रोजी एअर इंडियाने हैदराबादहून शिकागोला थेट विमान सोडलं. बोइंग ७७७-२०० एलआर जातीचं, २३८ आसनांचं. वेळापत्रक असं होतं: शुक्रवारी दुपारी १२.५० ला हैदराबादहून सुटायचं, शुक्रवारीच संध्याकाळी ६.०५ ला शिकागोत. परतीचं विमान शिकागोहून बुधवारी रात्री ९.३० ला निघायचं आणि हैदराबादला शुक्रवारी रात्री १२.४० ला, म्हणजे गुरुवार संपून चाळीस मिनिटं झाल्यावर, उतरायचं.

हे वाचून शेजारीपाजारी चक्रावले नसते तरच नवल. जायला सव्वापाच तास, यायला सत्तावीस! हिवाळ्यात शिकागोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. जाताना ते साडेअकरा मिळवायचे, येताना वजा करायचे. मग जायला लागतात १६ तास ४५ मिनिटं आणि यायला १५ तास ४० मिनिटं. उन्हाळ्यात अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे सरकवतात आणि हे गणित साडेदहाचं होतं. परदेशी मुलं असलेल्या घरांमध्ये म्हणूनच भिंतीवर दोन घड्याळं दिसतात आणि मार्च-नोव्हेंबरला एकाचे काटे फिरवावे लागतात.

घड्याळांचा घोळ मिटला, पण एक गाठ उरली. वाट तीच, विमान तेच, मग जाताना एक तास पाच मिनिटं जास्त का?

वाऱ्यामुळे. आठ-दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज, हिवाळ्यात त्याहूनही अधिक. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा टिपला होता. त्यांनी अहवाल लिहिला एस्परांतो भाषेत, साऱ्या जगाला कळावा म्हणून, आणि नेमका म्हणूनच तो जगात फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर जाऊन या वाऱ्यात अडखळली तेव्हा त्याची खरी दखल घेतली गेली.

विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नव्हे. गोदावरीत पोहणाऱ्याला हे सांगायला नको. हात तेवढेच मारायचे, पण प्रवाहाबरोबर गेलं तर घाट चटकन मागे पडतात. या प्रवाहाचा सर्वांत नामी उपयोग २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दिसला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान तोवर पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. त्या महिन्यात ते उलट दिशेने, पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि विमान जवळपास दोन तास लवकर पोचलं, साडेचौदा तासांत. भागाकार करून पाहा: जमिनीवरून मोजला तर सरासरी वेग ताशी हजारावर जातो. इंजिनाने नेहमीइतकंच काम केलं, उरलेलं वाऱ्याने केलं. जवळची वाट कोणती या प्रश्नाला मोजपट्टीचं उत्तर एक आणि वाऱ्याचं दुसरं आलं, ते असं.

इंधनाचं तर विचारूच नका. ७७७-२०० एलआर जातीचं विमान पूर्ण भरलं तर ३४७ टनांचं होतं आणि त्यात इंधन १४५ टनांपर्यंत असू शकतं. म्हणजे पहिले काही तास विमान बरंचसं इंधन पुढच्या तासांचं इंधन वाहण्यासाठीच जाळतं. वाळवंटात निघालेल्या उंटासारखं. म्हणूनच विमान सुरुवातीला कमी उंचीवरून जातं आणि हलकं होईल तसतसं वर वर चढतं.

वारा एक, तशी जमीन दुसरी. श्रीनगर ते फर्गाना ही दोऱ्याने दाखवलेली वाट कागदावर छान आहे, पण खाली सहा-सात हजार मीटरचे डोंगर आहेत. आतला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाने झपाट्याने तीन हजार मीटरपर्यंत खाली यायला हवं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडीच मिनिटं पुरतो. खाली यायला जागाच नसेल तर? त्यामुळे अशा भागावरून जाताना सुटकेच्या वाटा आधी आखाव्या लागतात, नाहीतर वळसा घ्यावा लागतो. दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक बंधन: एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत हवा. जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाला इंजिनाच्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदानला उतरावं लागलं. नकाशावर कधी न पाहिलेलं ते गाव दोनशेहून अधिक प्रवाशांना सक्तीने पाहावं लागलं.

आणि तिसरी गोष्ट, माणसाने आखलेली. आकाशालाही सीमा आहेत. फेब्रुवारी २०१९ नंतर काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं २०२५ मध्ये इंधनासाठी व्हिएन्नात थांबवावी लागली. पृथ्वीचा आकार बदलला नव्हता, बृहद्वृत्त तिथेच होतं. हैदराबाद-शिकागो थेट सेवाही फार टिकली नाही, पुढे बंद झाली.

तेव्हा आजींचा नातू आता कुठून जातो? बहुधा आखातातून. इथे त्यांचं म्हणणं शेवटी खरं ठरलं. हैदराबाद-दुबई सुमारे २५५० किलोमीटर, दुबई-शिकागो सुमारे ११,६४०. बेरीज १४,१९० च्या आसपास. थेट वाटेपेक्षा जेमतेम ९०० किलोमीटर जास्त, म्हणजे शेकडा सात. इतकं उत्तर दिशेचं रामायण सांगून झाल्यावर हे कबूल करताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण आखाती विमानकंपन्यांच्या भरभराटीचं एक कारण याच आकड्यात आहे. भारतातून अमेरिकेला किंवा युरोपला जाणाऱ्याला तिथला वळसा अंतरात फार महाग पडत नाही. महाग पडतं ते मधलं ताटकळणं.

वेळापत्रकातला आकडाही नीट समजून घ्यायला हवा. हैदराबाद-मुंबई हवाई अंतर ६२२ किलोमीटर. विमान हवेत असतं तासाभराच्या आसपास, तिकिटावर मात्र दीड तासाजवळचा आकडा असतो. कारण तिकिटावरची वेळ ‘ब्लॉक टाइम’ असते: चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंत. घाटात ट्रक उभा केला की क्लीनर चाकाखाली दगड सरकवतो, तसेच हे ठोकळे. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, पुढच्या विमानांमागे थांबणं, मुंबईवर घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं. कंपन्या त्यात थोडी हातची वेळही धरतात. म्हणून कधीकधी उशिरा सुटलेलं विमान ‘वेळेवर’ पोचतं आणि आपण उगाच वैमानिकाचं कौतुक करतो.

अफझलगंजहून शमशाबादचा विमानतळ सरळ रेषेत १६ किलोमीटर, रस्त्याने वीस-बावीस. २००८ च्या मार्चपर्यंत विमानं बेगमपेठहून, शहराच्या मधूनच सुटायची. आता विमानतळाची वातानुकूलित बस असते, नाव ‘पुष्पक’. पुराणातलं पुष्पक मनाच्या वेगाने जायचं, हे सिग्नलला थांबतं. परदेशी जाणाऱ्याला तीन तास आधी पोचायला सांगतात. म्हणजे घर सोडल्यापासून विमान हलेपर्यंत चार तास, आणि अंतर कापलं १६ किलोमीटर. पुढचे तेरा हजार त्याच्या चौपटीहून थोड्याच जास्त वेळात.

हे सगळं मी आजींना दोरा आणि गोल घेऊन समजावलं, थेट विमानाचं जुनं वेळापत्रकही दाखवलं. त्यांनी जायच्या विमानाकडे दुर्लक्ष केलं. तो शुक्रवार साडेपस्तीस तासांचा होतो, हे मला सांगायचं होतं, पण त्यांचं बोट परतीच्या ओळीवर थांबलं.

‘बुधवारी रात्री निघाला न शुक्रवारी उतरला. मग गुरुवार कुठे गेला?’

‘विमानातच, आजी. निघाल्यावर अडीच तासांनी सुरू होतो आणि उतरायच्या चाळीस मिनिटं आधी संपतो. बारा-तेरा तासांचा गुरुवार.’

आजींनी क्षणभर हिशोब केला. ‘मग त्याला म्हणावं उपास धर. एवढाच तर आहे.’